रिप्लेसमेंट वेटलँडला मराठीत काय म्हणावं?

बाणेरची भाषांतरकार
अमेरिकेतल्या एका गृहप्रकल्पाची माहिती पुण्यातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत करते आहे. वसाहतीखाली थोडी ओली जमीन जाणार आहे. तिच्या बदल्यात शेजारीच उथळ खड्डे करून त्यांत पाणी साचवतील आणि लव्हाळे लावतील. मूळ शब्द रिप्लेसमेंट वेटलँड. मी 'पर्यायी पाणथळ' लिहिलंय, ऑफिसातला एक जण 'कृत्रिम दलदल' म्हणतो. शिवाय प्लँटिंगला 'वृक्षारोपण' लिहवत नाही, यादीत एकही वृक्ष नाही!

पाषाणकर
दलदल तेवढी नको. दलदलीत माणूस रुततो, गुरं अडकतात, पुढाऱ्यांच्या भाषणात पक्ष फसतात. त्या शब्दाला चांगला अर्थ चिकटतच नाही. पाणथळ म्हणजे पाण्याचं थळ, स्थळ. त्यात चांगलं-वाईट काही नाही आणि आवाकाही मोठा आहे. पाणथळी राखण्यासाठी देशादेशांत झालेल्या १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या बघा: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, वाहतं पाणी असो वा साचलेलं, समुद्रकाठी ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलं तरी चालतं. एवढं सगळं 'दलदली'त कसं बसवणार?

'कृत्रिम'ही गाळा. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला, पाषाणचा तलाव रामनदी अडवून केला. त्यांना कृत्रिम म्हणणारा पुणेकर मला भेटायचाय. (कात्रजहून शहरात पाणी आणणाऱ्या दगडी नळाला हवा सुटण्यासाठी मनोरे होते, त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. असा शब्द आज कुठल्या टेंडरात सापडेल?)

इंदापूरचा
आमच्याकडे 'चिबड' म्हणतात, तो चालेल का?

पाषाणकर
नाही हो. उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी सोडून जी जमीन वाया गेली ती चिबड. शेतकरी चर खणून तिचा निचरा करायला बघतो. इथे उलट, निचरा होऊ नये म्हणून खटपट आहे.

इंदापूरचा
बरोबर. पण मग उजनीच्या फुगवट्याला काय म्हणायचं? पाणी उतरलं की तिथे गाळपेर होते, आणि पक्षी बघायला येणारे त्यालाच पाणथळ म्हणतात.

पाषाणकर
बोलण्यात पाणथळच. नियमात गोची आहे: केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीचं पात्र, भातखाचरं आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळलेत. आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, तेही बंधाऱ्यामागचंच पाणी! त्यामुळे मजकुरात व्याख्या कुणाची घेतली ते एकदा सांगून टाका.

मुळशीकर
लागवडीचं मी सांगते, माहेरी भातशेती आहे. 'वृक्षारोपण' म्हटलं की फावडं, हार आणि फोटो. चिखलात रोप खोवण्याला आमच्याकडे लावणी म्हणतात, आणि ही लावणीच आहे. लव्हाळ्याचे, पाणकणसाचे ठोंब फोडून चिखलात खोवायचे. वेखंड, नीरब्राह्मी काठाच्या ओलीत. वाळा त्याच्याही वर, पाणी नुसतं लागून जातं तिथे. खोली वीतभर-हातभर आणि काठ अगदी सपाट उतरता. काठ उभा कापला की विहीर होते, पाणथळ होत नाही. त्यात शेकाट्यासारखा लांब पायांचा पक्षी उभा राहणार कुठे?

चिखलणीही विसरू नका. खाचरात माती पाण्यात तुडवून लोण्यासारखी करतात, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली जात नाही. नवी पाणथळ करतानाही हेच लागतं. पुण्याकडे बिल्डर खणतात तिथे बहुतेक मुरूम, खाली काळा दगड. मुरमात पाणी ओता, दिवाळीपर्यंत खड्डा कोरडा. तळाला काळी चिकण माती पसरून, भिजवून, दाबून घ्यावी लागते. त्या कागदात जुन्या जागेची वरची माती वेगळी काढून नव्या जागेत पसरायचं आहे का? असेल तर तो भाग नीट मराठीत आणा. त्या मातीत तिथल्या गवतांचं बी निजलेलं असतं, निम्मी लावणी तीच करते. आणि जलपर्णी घुसली की बाकीची निम्मी बुडते, म्हणून 'निंदणी' हाही शब्द लागेल.

बाणेरची भाषांतरकार
माती काढून ठेवायची आहे, हो. 'डोनर सॉइल' असं आहे, 'दाता माती' लिहिताना हात अडखळत होता.

मुळशीकर
'जुन्या जागेची माती'. संपलं.

कोथरूडहून
माझा आक्षेप 'पर्यायी'वर. पर्यायी रस्ता म्हणजे मूळ रस्ता आहे, आज बंद असेल, उद्या उघडेल. इथे मूळ जागेवर इमारत उभी राहणार. सरकारी भाषेत 'पर्यायी वनीकरण' रुळलंय खरं, पण तिथेही तो शब्द झालेलं नुकसान गिळून बसलाय. 'बदली' घेतलं तर बदली ड्रायव्हर आठवतो. माझं मत 'भरपाई पाणथळ'. नुकसानभरपाई आपल्या हाडीमाशी आहे, आणि काहीतरी गेलं हे त्यात येतंच.

अमेरिकेच्या कायद्याशीही ते जुळतं. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या ४०४ कलमाखाली पाणथळीत भराव टाकायला परवानगी लागते. क्रम असा: आधी नुकसान टाळा, नाही टळलं तर कमी करा, उरलेल्याची भरपाई. १९८९ पासून 'निव्वळ घट नको' हे धोरण आहे. २००८ च्या नियमांनुसार भरपाईच्या जागेवर किमान पाच वर्षं देखरेख ठेवावी लागते. 'पर्यायी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की पहिली पायरीच ही.

बाणेरची भाषांतरकार
'भरपाई पाणथळ' घेते. 'लावणी' मात्र शहरातली पोरं तमाशातली समजतील.

मुळशीकर
समजू देत. पुढच्या ओळीत चिखल आला की कळेल. फारच वाटलं तर शीर्षकात 'लागवड', आत 'लावणी'.

इंदापूरचा
ती पाणथळ की ते पाणथळ?

पाषाणकर
'पाणथळ जागा' लिहिलं तर प्रश्नच येत नाही, तिथे ते विशेषण. नुसतं नाम वापरलं तर पक्षीवाले 'ती पाणथळ, त्या पाणथळी' म्हणतात. मी तेच घेईन: पाणथळीत, पाणथळीचा काठ. 'पाणथळात' कानाला खटकतं. आणि 'पाणथळ'मधल्या 'ण'चा 'न' करू नका, छापखान्यातून परत आलेल्या प्रुफात ते हमखास होतं.