रंधा मशीनचा स्विच बदलला आणि दोन वायरी उरल्या

रविवारचा_सुतार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे घरगुती रंधा-कम-थिकनेसर आहे. सिंगल फेज, इंडक्शन मोटर, १.५ किलोवॉट. वरून फळीची बाजू सपाट करायची, मग दोन्ही टेबलं उचलायची, भुशाचा हुड खालून काढून कटरब्लॉकवर (पाती बसवलेला फिरणारा दंड) पालथा घालायचा आणि खालून जाडी काढायची. मशीनला लाल-हिरव्या बटणांचा स्विच आहे, लाइट गेल्यावर आपोआप पडणारा.

दीड महिन्यापूर्वी हिरवं बटण धरेनासं झालं. बोट दाबून आहे तोवर मोटर फिरते, बोट काढलं की बंद. मी निदान केलं, स्विच गेला. अगदी तसाच दिसणारा, त्याच खाचेत बसणारा नवीन आणला. जुन्याला मागे पाच पिना होत्या, नव्याला चार. चार वायरी जशा होत्या तशा लावल्या. जुन्याच्या पाचव्या पिनेवर एक बारीक वायर होती आणि तिच्यासारखीच दुसरी मोटरच्या वायरीबरोबर एकाच लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पिन) दाबलेली होती. त्या दोघींना जागाच उरली नाही. मशीन तर झकास चालू झालं, म्हणून दोघींच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळून आत सारून दिल्या.

परवा टेबलं उचलली, हुड काढून बाकावर ठेवला, तेवढ्यात फोन वाजला. बोलून परत आलो आणि डोक्यात काय होतं कोण जाणे, थेट हिरवं बटण दाबलं. कटरब्लॉक उघडा, मी समोर वाकलेला, आणि तो फिरायला लागला. बोट तर मी केव्हाच काढलं होतं. लाल बटण सापडेपर्यंत पोटात गोळा. लागलं काही नाही. पण पूर्वी हुड जागेवर नसला तर हे मशीन चालू राहत नसे, हे मला नक्की आठवतंय.

जाणकारांनी सांगावं: त्या दोन वायरी कुठल्या? नव्या स्विचला त्या कशा जोडू? जुना स्विच टाकलेला नाही, खिळ्यांच्या डब्यात आहे.

टेबलसॉ_तात्या

त्या वायरी हुडच्या मायक्रोस्विचच्या, म्हणजे हुड जागेवर बसला की दाबला जाणाऱ्या छोट्या स्विचच्या. भुसा जाऊन हे मायक्रोस्विच कायम दगा देतात. माझ्या मशीनचे मी आठ वर्षांपूर्वीच डायरेक्ट करून टाकलेत, आजवर काही झालेलं नाही. मशीन चाललंय ना? मग उगाच कशाला डोक्याला ताप. हुड लावायला विसरू नकोस म्हणजे झालं.

वाइंडिंगवाला

तात्या, विसरलाच तर काय होतं तेच तो सांगतोय की वर.

सुतारदादा, आधी प्लग काढून हुडवर ठेवा, मग पुढचं वाचा.

हा स्विच समजून घ्या, म्हणजे गोंधळ राहणार नाही. आत दोन कॉन्टॅक्ट असतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. पिनांवर नंबर असतात: १३ वरून आत १४ वरून बाहेर, २३ वरून आत २४ वरून बाहेर. हिरवं बटण दाबता तेव्हा हे कॉन्टॅक्ट तुमच्या बोटाच्या जोरावर मिटतात. ते मिटले की पलीकडच्या बाजूला करंट येतो, त्यावर एक छोटी कॉइल चालते आणि ती पट्टीला ओढून धरते. बोट काढलं तरी स्विच टिकतो तो या कॉइलमुळे. लाइट गेली, कॉइल मेली, स्प्रिंगने पट्टी सुटली. लाइट परत आली तरी मशीन आपणहून सुरू होत नाही ते म्हणूनच.

चार पिनांच्या स्विचमध्ये कॉइलची दोन्ही टोकं आतल्या आत १४ आणि २४ ला जोडलेली असतात. पाच पिनांच्यात एक टोक बाहेर काढलेलं असतं, त्यावर ए१ लिहिलेलं सापडेल. ते टोक बाहेर काढण्याचं कारणच मुळी तुमच्या त्या दोन वायरी. ए१ वरून निघायचं, हुडच्या मायक्रोस्विचमधून, पट्ट्याच्या कव्हरच्या मायक्रोस्विचमधून जायचं आणि २४ वर परत यायचं. एखादं कव्हर उघडं असलं की कॉइलला वाटच मिळत नाही.

म्हणजे झालं असं, की तुम्ही नवा स्विच लावला आणि सगळी कव्हरं नकळत बाद केली. तात्यांनी मुद्दाम केलं, तुमच्याकडून चुकून झालं. मशीनच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

आता तपासणी. जुना स्विच डब्यातून काढा. मीटर ओहमवर ठेवून ए१ आणि १४ मध्ये मोजा. तिथे काहीच दाखवलं नाही तर ए१ आणि २४ मध्ये. काही हजार ओहम आले तर कॉइल जिवंत आहे. दोन्हीकडे ‘ओएल’ आलं तर कॉइल तुटली. मग मीटर बीपवर ठेवा (वाट जुळलेली असली की तो वाजतो) आणि हिरवं बटण बोटाने दाबून धरून १३-१४ आणि २३-२४ ला बीप येते का बघा. शेवटी त्या उरलेल्या दोन वायरींची टोकं मोकळी करून त्यांच्यामध्ये बीप बघा, सगळी कव्हरं नीट बसवून.

माझा अंदाज सांगू? तुमचा जुना स्विच ठणठणीत असणार.

रविवारचा_सुतार

दादा, हात जोडले. आत्ताच करून आलो.

जुन्या स्विचची कॉइल: ए१ आणि १४ मध्ये सहा हजारांच्या थोडं वर. दोन्ही कॉन्टॅक्टना स्वच्छ बीप. म्हणजे चांगला स्विच काढून मी डब्यात टाकला होता!

दोन वायरींमध्ये मात्र बीप नाही. पट्ट्याच्या कव्हरचा मायक्रोस्विच वेगळा मोजला, तो बरोबर. हुडचा बघायला मशीन आडवं करावं लागलं. त्याची पत्र्याची पट्टी दोनेक मिलिमीटर मागे वाकलीय आणि खालच्या लाल ठिपक्याएवढ्या बटणाभोवती भुसा आणि राळ यांचा असा थर बसलाय की नखाने निघेना. ब्रशने साफ केल्यावर बटण हलायला लागलं, पण पाच वेळा दाबलं तर तीनदाच बीप. हा सागाचा भुसा नव्हे, मध्यंतरी चीडाच्या फळ्या काढल्या होत्या, त्याचा चिकटा असणार.

आता हाच साफ करून चालवू का? आणि दुसरी शंका: जुना स्विच परत लावण्याऐवजी नवा चार पिनांचाच ठेवून मायक्रोस्विच सरळ मोटरच्या वायरीत टाकला तर? खोलायचं काम वाचेल.

वाइंडिंगवाला

साफ करून नको. पाचात तीनदा लागणारा उद्या आतून चिकटूनही बसेल, म्हणजे हुड काढला तरी चालूच दाखवेल. चालू न होणारा स्विच परवडतो, बंद न होणारा नाही.

मोटरच्या वायरीत तर अजिबात नको. एक म्हणजे कॉइलच्या वाटेवर काही मिलिअँपिअर वाहतात, तर मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सात पट खेचते. एवढासा मायक्रोस्विच तो झटका रोज खाऊन एक दिवस जळेल, नाहीतर त्याचे कॉन्टॅक्ट वेल्ड होतील. पण ते सोडा, खरा घोळ दुसराच. समजा मशीन चालू असताना हुड उचलला. मोटर थांबेल. पण मुख्य स्विचची कॉइल धरलेलीच आहे, तिला काही कळलेलंच नाही. तुम्ही आत अडकलेली ढलपी काढून हुड परत टेकवला की मोटर आपणहून सुरू. बटण न दाबता!

मायक्रोस्विच कॉइलच्या वाटेवर असला की हे होत नाही. हुड उचलला की मुख्य स्विचच पडतो, मग हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही.

लाकूडवेडी

मध्येच बोलते, कारण याच वाटेवर मी ठेचकाळले आहे. माझा बँडसॉ आहे, वरच्या चाकाच्या दाराला असाच मायक्रोस्विच. तो मी बदलला आणि मशीन असं वागायला लागलं की दार उघडलं तर चालू, लावलं की बंद! अर्धा तास मी नव्या स्विचला शिव्या घातल्या. त्याला तीन पिना असतात: कॉमन, एनओ (दाबल्यावर जुळणारी) आणि एनसी (दाबल्यावर तुटणारी). जुन्यावरची अक्षरं पुसली होती म्हणून मी अंदाजाने एनसीवर लावलं होतं. आपल्याला दाबल्यावर जुळणारा हवा, म्हणून कॉमन आणि एनओ. काढण्याआधी फोटो काढून ठेवा दादा, आणि बसवण्याआधी मीटरवर बघा.

अजून दोन गोष्टी. स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर मोजूनच घ्या, दिसायला सारखे असले तरी आकार दोन-तीन प्रकारचे येतात. आणि जमलं तर भुशापासून बंद केलेला, सील असलेला घ्या. रंध्याच्या पोटात उघडा मायक्रोस्विच म्हणजे तीच कथा पुन्हा.

बसवताना टिक् आवाज आल्यावरही पट्टीला थोडी जागा उरली पाहिजे. हुड पूर्ण बसल्यावर पट्टी तळाला टेकत असेल तर ती परत वाकणार. तुमची बहुतेक त्यानेच वाकलीय.

रविवारचा_सुतार

ताई, अगदी तसंच आहे! हुडचा प्लास्टिकचा दात पट्टीला पार दाबून टाकतो. स्क्रूच्या भोकात थोडा खेळ आहे, तिथे सरकवून बघतो.

टेबलसॉ_तात्या

एवढ्या उठाठेवीपेक्षा कॉन्टॅक्टर (कॉइलनेच मिटणारा मोठा स्विच) बसवून टाक. मोठ्या मशीनला तोच असतो.

वाइंडिंगवाला

तात्या, हे मात्र खरं बोललात. याच्या स्विचमध्ये एक उणीव आहे ती सांगायची राहिलीच होती. सुतारदादा, नीट वाचा.

या प्रकारच्या स्विचमध्ये कॉन्टॅक्ट तुमच्या बोटाने मिटतात, हे वर लिहिलंय. म्हणजे हुड काढलेला असला, कॉइल मेलेली असली, तरी हिरवं बटण दाबून धरलं तर मोटर फिरते. तुमचा बिघाड आठवा, नेमकं तेच होत होतं. म्हणजे मायक्रोस्विच बरोबर जोडल्यावरही हुडशिवाय मशीन धरून राहणार नाही इतकीच खात्री, फिरणारच नाही अशी नाही. कॉन्टॅक्टरमध्ये बटण फक्त कॉइलला वीज देतं आणि ती वीज मायक्रोस्विचमधूनच येते, त्यामुळे बटण कितीही दाबा, मोटरला काही मिळत नाही.

कॉन्टॅक्टर लावायचा तर पेटी, ओव्हरलोड, वेगळी बटणं, सगळं आलं. ते हातखंडा असलेल्याकडूनच करून घ्या. तोवर पाच पिनांचा मूळ स्विच लावा, त्यातही पूर्वीची सुरक्षितता परत मिळतेच. पण पाती बदलताना, हुड फिरवताना प्लग बाहेर. तिथे स्विचवर भिस्त नको.

आणि पुढेमागे नवीन पाच पिनांचा घ्यायची वेळ आली तर अंगावरचा आकडा वाचा. १६(१२) असं लिहिलेलं असेल तर १६ अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडला, कंसातला १२ मोटरला. आपल्याला कंसातला आकडा बघायचा. कॉइल किती व्होल्टची तेही बघा.

रविवारचा_सुतार

मंडळी, काम झालं. चार दिवस लागले कारण मायक्रोस्विच एकदा चुकीच्या मापाचा आला. (ताई, भोकांमधलं अंतर मी पट्टीने मोजलं होतं, तेही एका भोकाच्या कडेपासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. हसू नका.)

जुना पाच पिनांचा परत बसवला. एक बारीक वायर ए१ वर, दुसरी २४ च्या लगमध्ये, फोटो नव्हता पण जुन्या लगवर दाबल्याची खूण होती. हुडचा मायक्रोस्विच नवा, सील असलेला. तो तीन मिलिमीटर मागे सरकवला, आता हुड बसताना टिक् आवाज शेवटून जरा आधी येतो आणि पट्टीला जागा उरते.

तपासणी अशी केली. सगळी कव्हरं लावून हिरवं दाबलं, चालू, बोट काढलं, चालूच. बोर्डावरचं बटण बंद केलं, ब्लॉक पूर्ण थांबू दिला, परत चालू केलं: मशीन गप्प. बरोबर. मग पट्ट्याचं कव्हर सैल केलं आणि बाजूला उभं राहून हिरवं टिचकीसारखं दाबलं: गुरगुरलं आणि लगेच पडलं. हुड काढून तेच, तसंच. दादा म्हणाले ते दाबून धरल्यावर फिरण्याचं करून बघायची हिंमत झाली नाही, त्या गुरगुरण्यातच कळलं.

प्लगला आता लाल रंगाची दोरी बांधलीय. टेबलं उचलायची खिट्टी सोडायची तर आधी त्या दोरीत अडकवलेला पाना काढायला लागतो, आणि पाना निघतो फक्त प्लग बाहेर आला की. बायको म्हणते गोठ्यातल्यासारखं दिसतंय.

चार पिनांचा नवा स्विच उभ्या ड्रिलला लावणार आहे. तिथे कव्हरचा प्रश्नच नाही आणि लाइट आल्यावर ते आपणहून सुरू व्हायचं.

लाकूडवेडी

दोरीचा फोटो टाका!

टेबलसॉ_तात्या

वाइंडिंगवाले, एक विचारू का. ती बीपवाली तपासणी करायला नवा मीटरच लागतो, की माझ्याकडचा जुना काटेवाला चालेल?

वाइंडिंगवाला

चालेल की. ओहमवर ठेवा, दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून काटा शून्यावर आणा, मग मोजा. काटा पार उजवीकडे गेला तर वाट मोकळी, हललाच नाही तर तुटलेली. आणि तात्या, डायरेक्ट केलेली वायर आधी सोडा, नाहीतर मायक्रोस्विच कसाही असला तरी काटा उजवीकडेच जाईल.