ॲनॉटॉमीचे पीजी आणि देहदान कक्ष, दोन्ही एकाच माणसाकडे. कसं सांभाळावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक आहे. दोन महिन्यांपूर्वी एचओडी (विभागप्रमुख) सरांनी पीजींचं, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरांचं, समन्वयन आणि देहदान कक्ष ही दोन्ही कामं एकदम माझ्याकडे दिली. एमडीचे तिन्ही वर्षांचे मिळून पाच पीजी आहेत. त्यांचे सिनॉप्सिस (थीसिसचे आराखडे), एथिक्स कमिटीची मंजुरी, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही), सेमिनार, रजा, विद्यापीठाशी पत्रव्यवहार. देहदानाकडे संकल्पपत्रं, चौकशीचे फोन आणि देह येतो तेव्हाचं सगळं.

मागच्या महिन्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. रात्री साडेदहाला एक कुटुंब आईंचा देह घेऊन आलं. आईंनी बारा वर्षांपूर्वी फॉर्म भरला होता. फॉर्मवर नंबर आमच्या ऑफिसच्या लँडलाइनचा, तो संध्याकाळी पाचनंतर कोणी उचलत नाही. मुलाने दोनदा लावला आणि शेवटी सरळ गाडी करून आला. शवविच्छेदन हॉलची किल्ली ज्या शिपाई मामांकडे असते ते रजेवर. पीजी लायब्ररीत सिनॉप्सिस पूर्ण करत बसलेला, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. मी घरून पोचेपर्यंत पाऊण तास ती माणसं पोर्चमध्ये उभी होती. मुलगा एक शब्द बोलला नाही. आईच्या अंगावरची चादर तेवढी पुन्हा पुन्हा सारखी करत होता.

विभागात दोन मतं आहेत. काही म्हणतात, पीजींना देह स्वीकारण्याच्या ड्युटीला लावू नका, ते शिकायला आलेत, थीसिस मागे पडतो. काही म्हणतात, ते नाही तर रात्री आहेच कोण? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, तुमच्याकडे कसं बसवलं होतं?

आवक_जावक

मॅडम, मी डॉक्टर नाही. एका सरकारी कॉलेजच्या ॲनॉटॉमी विभागात ३१ वर्षं लिपिक होतो, आता निवृत्त आहे. पीजींच्या फायली आणि देहदानाची नोंदवही दोन्ही माझ्याच टेबलावर असायच्या, म्हणून सविस्तर लिहितो.

ही दोन कामं वेगळी समजू नका. मी लागलो तेव्हा हॉलमधले बहुतेक देह बेवारस असायचे. १९४९चा मुंबई ॲनॉटॉमी ॲक्ट मुळात त्यासाठीच झालेला. बेवारस देहाबरोबर पोलिसांचा कागद यायचा, माणूस कोणी यायचं नाही. हळूहळू देहदान वाढलं आणि देहाबरोबर पाच-दहा माणसं येऊ लागली. विभागाला देह घेण्याची सवय होती, माणसांशी बोलण्याची नव्हती. तुमच्या पोर्चमध्ये जे झालं ते आमच्याकडेही झालंय, एकदा नाही, अनेकदा.

पहिलं काम फोनचं. लँडलाइन फॉर्मवरून काढून टाका. विभागाच्या नावाने एक मोबाईल घ्या आणि तो ड्युटीवरच्या माणसाच्या खिशात फिरू द्या, म्हणजे माणूस बदलला तरी नंबर तोच राहील. जुने संकल्पपत्र भरणारे जे हयात आहेत त्या प्रत्येकाला पोस्टकार्डाने नवा नंबर कळवा. आम्ही चार पीजी आणि मी, तीन शनिवार बसून हाताने पत्ते लिहिले होते. बरीच कार्डं परत आली. काहींवर पोस्टमनने ‘मयत’ लिहिलं होतं. म्हणजे ती माणसं गेली आणि आम्हाला कळलंही नाही. फॉर्म भरला म्हणजे देह येतोच असं नसतं, ऐन वेळी घरच्यांनी कळवावं लागतं आणि त्यांची संमती लागते. तेव्हापासून फॉर्म द्यायला कोणी एकटं आलं की मी विचारायचो, मुलगा-सून, मुलगी कोणाला माहीत आहे का? नसेल तर म्हणायचो, चहा घ्या, फॉर्म घरी न्या, दोघांच्या सह्या घेऊन या.

दुसरं म्हणजे, नकार द्यायचा तर फोनवर द्यायचा, दारात नाही. फोनशेजारी एक कागद चिकटवला होता आणि त्यावरचे प्रश्न क्रमाने विचारायचे. कधी गेले? घरी की दवाखान्यात? अपघात, पडणं, विष, असं काही? पोस्टमॉर्टेम झालंय का? एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, टीबी? अंगावर मोठ्या जखमा, गँगरीन? डोळे दिलेले असले तर हरकत नाही, बाकी अवयव काढलेले असले तर आम्ही घेत नसू. पोस्टमॉर्टेमचं लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं आपण टाळतोय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केला होता, पण २०१३ साली त्यांचा खून झाला, शवविच्छेदन करावं लागलं आणि देह अभ्यासाच्या कामाचा राहिला नाही. साताऱ्यात अंत्यसंस्कार झाले. हे सांगितलं की लोक समजून घेतात.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचा नमुना ४ अ लागतो, मृत्यूचं कारण लिहिलेला. खेड्यात इथेच अडतं. ज्या डॉक्टरने वर्षभरात पेशंट पाहिलेला नाही तो सही करत नाही, आणि त्याचं चुकतही नाही. कारण कळलं नाही की पोलीस, पोलीस आले की पोस्टमॉर्टेम. म्हणून संकल्प करणाऱ्या वयस्कर माणसाला तेव्हाच सांगा, गावातल्या एका डॉक्टरकडे नेमाने जात राहा, कागद एका पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते सुनेला दाखवून ठेवा. बरोबर मृत माणसाचं आणि सही करणाऱ्या नातेवाइकाचं आधार. बास. रात्री अकराला रडणाऱ्या माणसाकडे तिसरी झेरॉक्स मागू नका, विभागात झेरॉक्स मशीन आहे.

आता पीजी. माझं मत स्पष्ट आहे. ड्युटी लावाच, पण तारखा लिहून, सही घेऊन, आणि सिनॉप्सिस-थीसिसच्या तारखा बघून. सरांच्या केबिनमध्ये जो वर्षाचा तक्ता असतो, त्यावरच देहदानाची ड्युटी लिहायची. सिनॉप्सिसची मुदत ज्या आठवड्यात, तो पीजी त्या आठवड्यात मोकळा. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा असतो, त्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्यांना हात लावायचा नाही. आणि आलेला प्रत्येक देह, केलेलं प्रत्येक एम्बामिंग (देह टिकावा म्हणून त्यात रसायन भरणं) लॉगबुकात चढलं पाहिजे. आमच्याकडे आधी ही वेठ होती. लॉगबुकात आल्यावर तिला कामाची किंमत आली.

जांघेतली धमनी कशी उघडायची, फॉर्मॅलिन-ग्लिसरीन किती, बाटली किती उंच टांगायची, हे त्यांना सर शिकवतात. नातेवाइकांसमोर कसं उभं राहायचं हे कोणी शिकवत नाही. एक उदाहरण सांगतो. कोल्हापूरकडची पोरगी होती, फर्स्ट इयरची. एक आजी नवऱ्याचा देह घेऊन आल्या. सगळं झालं, सह्या झाल्या, आणि निघताना आजी हळूच म्हणाल्या, ‘बाई, अस्थी तर मिळायच्या न्हाईत. जरा केस मिळतील का? नदीत सोडीन.’ पोरगी आत गेली, हॉलमधली कात्री उचलली आणि नाकाशी धरली. फॉर्मॅलिनचा वास. तशीच खाली ठेवली आणि पायऱ्या उतरून वॉर्डात पळत गेली, सिस्टरकडून कात्री घेऊन आली. आजोबांच्या कानामागची बट कापली, कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधली आणि दोन्ही हातांनी दिली. मी तिथे उभा होतो. आज ती कुठेतरी प्राध्यापक आहे आणि मला खात्री आहे, तिच्या हॉलमध्ये मुलं देहाचा मोबाईलवर फोटो काढत नसतील.

अंघोळ, हार, तुळशीपत्र, भजन, लोकांना जे करायचं ते घरी करू द्या. वेळ तेवढी सांगा. आमच्याकडे शीतगृह नव्हतं तेव्हा सहा तासांत आणा म्हणायचो. उन्हाळ्यात त्याहून लवकर.

जेआर_दोन

मी एमडी ॲनॉटॉमीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या शहरात. थीसिस मागे पडतो या मुद्द्यावर बोलायचं होतं. माझा विषय दंडातल्या धमनीच्या फाट्यांचा आहे. ५० हात लागतात, म्हणजे २५ देह. दीडशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजला दहा जणांमागे एक या हिशेबाने वर्षाला १५ देह हवेत, म्हणजे माझा नमुनाच दोन वर्षांच्या देहदानावर उभा आहे. पोर्चमध्ये ताटकळलेल्या कुटुंबाने ते गावात जाऊन सांगितलं आणि पुढच्या दोघांनी बेत रद्द केला, तर माझा थीसिस तिथेच मागे पडतो. त्यामुळे ड्युटीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अचानक बोलावण्याची. तक्ता हवा, आणि रात्री एकट्याला ठेवू नये, किमान एक मामा बरोबर हवेत.

आणखी एक. तुमच्या संमतीपत्रात संशोधनाचा आणि फोटोंचा वेगळा उल्लेख आहे का बघा. आमच्या जुन्या फॉर्मवर फक्त ‘वैद्यकीय शिक्षणासाठी’ होतं आणि एथिक्स कमिटीने माझा सिनॉप्सिस त्यावरून परत पाठवला. ईएनटी (कान-नाक-घसा) आणि ऑर्थो (हाडांचे) वाले शस्त्रक्रियांच्या वर्कशॉपसाठी देह मागतात, त्याचाही उल्लेख असावा. दान देणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे.

तगर

मी या बाजूची नाही, देणाऱ्यांच्या बाजूची. तीन वर्षांपूर्वी आम्ही वडिलांचा देह दिला. बाबा आयुष्यभर शाखेत जाणारे, नानाजी देशमुखांचा देह २०१० साली चित्रकूटहून दिल्लीला एम्समध्ये गेला तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. माझे सासरे लाल बावट्याचे. ते म्हणायचे, आमच्या ज्योतीबाबूंनीही (कम्युनिस्ट नेते ज्योती बसू) त्याच वर्षी दिला, कलकत्त्यात. दोघांनी एकाच दिवशी फॉर्म भरले आणि एकमेकांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सासरे अजून आहेत, फॉर्म देवघराच्या फडताळात आहे.

फोन उचलणारी एक मुलगी होती, बहुतेक पीजीच. तिने आधी विचारलं, ‘तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?’ मग बाकीचे प्रश्न. ते वाक्य मला आजही आठवतं.

त्रास झाला तो नंतर. नगरपालिकेत मृत्यूची नोंद करायला गेलो तर खिडकीवरचा माणूस स्मशानाची पावती मागायला लागला. आमच्याकडे कॉलेजची साधी पोच होती, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. तीन खेपा झाल्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आमचे सोळा असेच गेले. तेवढं पत्र पहिल्याच दिवशी, शिक्क्यासकट हातात द्या. आणि शक्य असेल तर वर्षातून एकदा या घरांना बोलवा. आम्हाला बोलावलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी उभं राहून देहाचा मान राखण्याची शपथ घेतली, मग एक मुलगा येऊन आईच्या पाया पडला. आईने त्याला विचारलं, जेवलास का?

आवक_जावक

तगर ताई, बरोबर आहे तुमचं. पत्राच्या सहा छापील प्रती सही-शिक्क्यासह कपाटात तयार ठेवायच्या, फक्त नाव, तारीख, वेळ आणि जावक क्रमांक भरायचा. कोरी सही द्यायला एचओडी आधी नाही म्हणतील, आमचेही म्हणाले होते. मग आम्ही प्रतींना क्रमांक घातले आणि कुलूप लावलं, तेव्हा तयार झाले.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोबाईलचा प्रस्ताव डीन ऑफिसला दिला. तक्ता पीजींनीच करायला घेतलाय, त्यात प्रत्येक रात्री एक पीजी आणि एक मामा. फॉर्ममध्ये संशोधन, फोटो आणि वर्कशॉपसाठी वेगवेगळ्या चौकटी टाकतेय, प्रत्येकीवर स्वतंत्र सही.

मागच्या महिन्यातल्या त्या घरी काल जाऊन आले. माफी मागितली. मुलाने आईचा जुना फोटो दाखवला आणि विचारलं, आईचा नंबर काय? देहाला आम्ही जो बिल्ला बांधतो तो. नियमाने सांगता येत नाही, तेही त्यांना सांगितलं. पण वर्षाअखेरीला कार्यक्रमाला बोलावणार आहे.

एक प्रश्न राहिला. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या गावांतून फोन येतात. गाडीचा खर्च कोणी करायचा?

आवक_जावक

१०८ मृतदेह नेत नाही, त्यामुळे त्या नंबरवर लोकांना पाठवू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरपालिकेत शववाहिका आहे का, त्यांचे नंबर आजच जमवा आणि फोनशेजारच्या कागदावर लिहा. नसेल तर कॉलेजच्या गाडीसाठी डीनसाहेबांकडून डिझेलची कायम मंजुरी घ्या, प्रत्येक वेळी टिपणी फिरवत बसलात तर देह पोचणार नाही. आम्हाला ती मंजुरी मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर फोनवर पहिल्या दोन मिनिटांतच स्पष्ट सांगायचो की गाडी तुम्हाला करावी लागेल. लोक करतात. गावात पोहोचल्यावर कळलं तर मात्र दुखावतात.