साचेखात्याचं दार आणि लाल बावटा

गिरणगावकर: "मार्क्सवाद बरोबरच होता, अंमलबजावणी फसली" हे वाक्य ऐकून कान किटले. मुंबईच्या गिरण्याच घ्या. १९२८ च्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते, आणि लाल बावट्याचे कम्युनिस्ट त्यात आघाडीवर होते. पण जिथे मजुरी जास्त, त्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, अस्पृश्यांना मज्जाव. का, तर धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या नावेतली) सुताची कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा सवर्ण साचेवाल्यांना चालत नसे. हा विटाळ मालकाचा नव्हता बरं का, शेजारच्या कामगाराचा होता! प्रश्न लावून धरायला आंबेडकर लागले. मार्क्सने १८५३ मध्ये लिहिलं होतं की रेल्वेमागोमाग येणारा आधुनिक उद्योग जातींची वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडेल. पंचाहत्तर वर्षांनी तोच उद्योग जात पाळत होता. ही अंमलबजावणीची चूक कशी?

तलासरीचा वाटसरू: लंडनमध्ये बसून वर्तमानपत्रात लिहिलेल्या एका वाक्यावर अख्खा सिद्धांत निकालात? १९४५ साली डहाणू-तलासरीत काय झालं तेही सांगा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली आदिवासी 'लग्नगडी' होऊन सावकाराकडे राबायचा, बायकोसकट. कम्युनिस्ट गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तिथे किसान सभा ही शेतकरी संघटना नेली आणि वेठबिगार मोडली. वारल्याला 'वरकड मूल्य' (श्रमातला मजुरीपलीकडचा, मालकाच्या खिशात जाणारा वाटा) हा मार्क्सचा शब्द ठाऊक नव्हता, पण आपलं कोण खातंय ते पक्कं ठाऊक होतं. दया नको, मजुरी द्या, हे बोलायला संघटनेने शिकवलं. ती संघटना काय आभाळातून पडली?

गिरणगावकर: वारल्यांचं उदाहरण तुमच्या सोयीचं आहे. तिथे सावकार एका बाजूला, आख्खी जमात दुसऱ्या बाजूला. वर्ग आणि जमात एकमेकांवर चपखल बसतात. गिरणीत शोषित आणि विटाळ मानणारा एकाच युनियनची पावती फाडत होते. सिद्धांताची परीक्षा तिथे होती.

तटस्थ_७८: मग ७ नोव्हेंबर १९३८? संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले होते.

गिरणगावकर: एक दिवस!

तटस्थ_७८: एक दिवस तर एक दिवस, पण जमलं ना? आणि दुरुस्ती आतूनही झालीच की. विचारवंत शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून मार्क्सला फुले-आंबेडकर जोडले.

तलासरीचा वाटसरू: बाहेर पडल्यावर त्याला 'आतून' म्हणायचं? (मी पाटलांच्या विरोधात नाही, फक्त शब्द नीट वापरा.) पण गिरणगावकर, साचेखात्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. युनियनने सवर्ण साचेवाले दुखवायचे टाळले, कारण संप त्यांच्याच जोरावर चालायचा. यात मला मार्क्स कमी आणि संख्येचं गणित जास्त दिसतं.

त्रासनवाल्याची नात: तुमचं गणित होतं, आमचा पगार होता. माझे आजोबा त्रासनखात्यात, म्हणजे कमी मजुरीच्या सूतकताईत होते. प्रत्येक मोर्चात लाल बावटा धरायचे, साच्यावर मात्र एक दिवसही उभे राहिले नाहीत. बावटा का सोडला नाही, असं विचारलं की म्हणायचे, "सोडून जायचं कुठं? मालकाकडं?"