तळं रिकामं व्हायला दुप्पट वेळ का लागतो

पावसाचं पाणी साठवून भोकातून हळूहळू सोडणारं ३००० घनमीटरचं तळं १४.५ तासांत रिकामं होईल, असा हिशेब मांडला गेलाय. तो ३००० घनमीटर भागिले सुरुवातीचा विसर्ग (सेकंदाला बाहेर पडणारं पाणी) असा केलाय, चूक तिथेच आहे. १५० मिमीचं भोक, विसर्ग गुणांक ०.६ (आदर्श विसर्गाच्या किती पट पाणी प्रत्यक्षात जातं ते), भोकाच्या मध्यापासून वर १.५ मीटर पाणी: सेकंदाला साधारण ५७ लिटर. पण हा आकडा पहिल्या क्षणाचाच. पातळी उतरते तसा विसर्ग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. २००० चौमी क्षेत्रफळ, उभ्या भिंती धरल्या तर वेळ बरोबर दुप्पट, २९ तास. बाजूंना उतार असेल तर आकडा बदलेल. स्टोरेज कर्व्ह (कोणत्या खोलीला तळ्याचं क्षेत्रफळ किती, तो तक्ता) प्रत्यक्ष सर्व्हेवरूनच भरा.

आता ‘स्वम’मधलं (SWMM, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर). आउटफॉल (पाणी बाहेर पडतं ते शेवटचं टोक) ‘फ्री’, म्हणजे बाहेरच्या पाण्याचा अडथळा नसलेला, ठेवलाय का ते आधी बघा. बाहेरच्या नाल्यात भोकाच्या मध्यापेक्षा अर्धा मीटर वर पाणी असेल, तर सुरुवातीलाच विसर्ग ४७ लिटरवर येतो आणि तळ्यातला शेवटचा अर्धा मीटर नाला उतरेपर्यंत हलत नाही. कायनेमॅटिक वेव्ह या सोप्या गणनापद्धतीत हा फुगवटा (बाहेरच्या पाण्याने मागे होणारी अडवणूक) दिसणारच नाही, डायनॅमिक वेव्ह ही पूर्ण पद्धतच लावा. नाल्याची पातळी टाइम सिरीजने (वेळेनुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या यादीने) द्या.

आणि भोकावरची जाळी! प्लॅस्टिकने निम्मं भोक बुजलं की २९ चे ५८ तास. तेवढ्यात दुसरी सर आली तर? तीही चालवून बघा, सुरुवातीची खोली शून्य न ठेवता.