लॅबिरिंथची वाट आणि रोझरीची 'पोपटपंची'

जपमाळ:
शोधयात्री यांनी परवा रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थना-शिबिरातून, आल्यावर इथल्या चर्चेत लिहिलं की, लॅबिरिंथ, म्हणजे फरशीवर आखलेली मध्यापर्यंत नेणारी वळणावळणाची वाट, ही ख्रिस्तसभेची (चर्चची) फार जुनी चालती प्रार्थना आहे. जेरुसलेमला जाणं न जमलेले यात्रेकरू फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये गुडघ्यांवर हीच वाट सरकत. आणि रोझरीची, म्हणजे मण्यांवर जपायच्या मरियेच्या प्रार्थनेची, पोपटपंची करण्यापेक्षा हे वीस मिनिटांचं चालणं केव्हाही बरं. पहिल्या दोन गोष्टी मी सोडून दिल्या असत्या. तिसरी जिव्हारी लागली. माझी आई शेवटच्या दिवसांत बोलू शकत नव्हती, पण बोटं मण्यांवरून पुढे सरकत होती. ती पोपटपंची?

आता इतिहास. शार्त्रची फरशी १३व्या शतकाच्या सुरुवातीची, व्यास जेमतेम १३ मीटर, वाट २६० मीटरच्या आसपास. हे सगळं खरं. पण यात्रेकरू तिथे जेरुसलेमची यात्रा करत, असं सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. 'जेरुसलेमची वाट' हे नाव कितीतरी नंतरचं. मनात प्रश्न घेऊन आत जा, मध्यावर थांबा, मिळेल ते घेऊन बाहेर या, ही आजची पद्धत १९९०च्या दशकात लॉरेन आर्ट्रेस यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधून पसरवली. ते कॅथेड्रल एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाचं आहे, कॅथलिक नव्हे. याउलट क्रूसाची वाट बघा, येशूच्या दुःखसहनाच्या एकेका प्रसंगापाशी थांबत करायची प्रार्थना. संत फ्रान्सिसच्या संघातल्या फ्रान्सिस्कन बंधूंनी ती रुजवली, १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी चौदा स्थानं पक्की केली. तिथे थांबाल तिथे समोर प्रभू आहे. लॅबिरिंथच्या मध्यावर कोण आहे?

पायवाट:
मध्यावर कोण, ते ३२४ सालच्या एका बॅसिलिकेने, म्हणजे मोठ्या चर्चने, सांगून ठेवलंय. अल्जीरियातल्या त्या फरशीवर लॅबिरिंथच्या मध्यभागी अक्षरांची जुळणी आहे, कुठूनही वाचा, 'सांक्ता एक्लेसिया', म्हणजे पवित्र ख्रिस्तसभा. सोळाशेहून अधिक वर्षं झाली त्याला. फ्रान्समधल्या ओसेरच्या कॅथेड्रलमध्ये तर पुनरुत्थानाच्या सणाला धर्मगुरू लॅबिरिंथवर फेर धरून नाचत आणि चेंडू झेलत. १५३८ मध्ये ते बंद पाडलं. कॅटेकिझमच्या, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, १६७४व्या परिच्छेदात लोकभक्तीची यादी आहे, त्यात रोझरी आणि क्रूसाच्या वाटेच्या पंक्तीला धार्मिक नृत्यसुद्धा बसलंय. चालणं तेवढं बाटवतं का?

माझं सांगते. नवरा गेल्यावर सात महिने मला रोझरीतली 'नमो मरिया' ही प्रार्थना पूर्ण म्हणता आली नाही. 'आमच्या मरणाच्या वेळी' पाशी घसा बंद व्हायचा. एका सिस्टरांनी हात धरून लॅबिरिंथपाशी नेलं, म्हणाल्या, काही म्हणू नका, फक्त चाला. तिसऱ्या दिवशी मधल्या वळणावर ते वाक्य तोंडून पूर्ण निघालं. तुमचे कागद तुमच्यापाशी.

जपमाळ:
ताई, तुमच्या दुःखापुढे मी गप्पच. पण १९८९ साली व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानावर बिशपांना पत्र पाठवलं, त्यावर कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांची सही आहे. त्यात सरळ म्हटलंय की शारीरिक क्रियांनी आपोआप शांत वाटतं, आणि तेच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं चूक आहे. तुम्हाला नेणाऱ्या सिस्टर होत्या. बाकीच्यांना कोण नेतंय?

पायवाट:
त्याच पत्रात हेही आहे की दुसरीकडचं उपयोगी असेल ते घ्यावं, ख्रिस्ती प्रार्थनेचं स्वरूप झाकोळलं जाणार नाही एवढं पाहावं. अर्धंच वाचायचं का?

घंटावाला:
ख्रिस्तसभेने स्वतःच हे लॅबिरिंथ उखडलेत, ते कुणी बोलत नाही. रॅन्सच्या कॅथेड्रलमधला १८व्या शतकात काढून टाकला, कारण उपासना चालू असताना पोरं त्यावर पळत आणि दंगा करत. शहाणे होते ते धर्मगुरू. आजही तशीच हिंमत हवी.

दोन मुलांची आई:
हिंमत? मुलांच्या पायाखालची फरशी काढायला? गेल्या पावसाळ्यात मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंनी ख्रिस्ताचं शरीर झालेली भाकर वर उचलली आणि माझा चार वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "आई, आला येशू?" पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून मला दाराकडे बोट दाखवलं. त्या मुलाला जे कळलं ते त्या माणसाला कळलं होतं का? तेव्हापासून मी दारातच उभी राहते.

मागचा बाक:
बाई, दुसरी बाजूही ऐका. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, रात्री तिच्या कण्हण्याने झोप नाही. आठवड्यात एकच तास मला शांतता मिळते, तीही मिस्सात. त्या तासात कुणाचं मूल खेळण्यातली गाडी बाकावर आपटतं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मुलं यावीत. पण आईबापांनी उठून बाहेर न्यायची लाज का वाटून घ्यावी?

दोन मुलांची आई:
उठून बाहेर नेणं आणि बोट दाखवून घालवणं यात फरक आहे, काका.

घंटावाला:
पूर्वीची मुलं बसत होती. आईबापांचा धाक होता.

पायवाट:
धाकाने बसलेली ती मुलं आज कुठल्या बाकावर दिसतात, घंटावाला? माझे दोन्ही भाऊ हलू न देता वाढवले. दोघांनीही पंचवीस वर्षांत चर्चचं तोंड पाहिलेलं नाही.

घंटावाला:
तुमच्या घरचं खापर शिस्तीवर फोडू नका.

पायवाट:
घरावर येऊ नका. एकदाच सांगते.

मागचा बाक:
थांबा दोघंही. त्या आईला म्हणतो, दारात उभ्या राहू नका. माझ्या बाकावर जागा असते. ती गाडी मात्र घरी ठेवा.

शोधयात्री:
उशिरा आलो. 'पोपटपंची' हा शब्द मागे घेतो. तुमच्या आईंबद्दल वाचल्यावर तो मला उच्चारवत नाही. गुडघ्यांवर सरकणाऱ्या यात्रेकरूंचं मी रिट्रीटमध्ये ऐकलं तसं लिहिलं, तपासलं नाही, तेही मान्य. पण मध्यावर मी एकटा नव्हतो, हे मागे घेणार नाही.

जपमाळ:
शब्द मागे घेतलात, आभार. मग मध्यावर पोचल्यावर त्याचं नाव घ्या. मोठ्याने घ्या. रिट्रीटच्या कागदावर 'प्रकाश' आणि 'ऊर्जा' छापलेलं असतं, 'येशू' कुठे नसतो, माझं भांडण तिथे आहे.

पायवाट:
त्या कागदाशी माझंही आहे. मी हल्ली रोझरी हातात घेऊन चालते. रोझरीची पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, त्यातली तीन आत जाताना, दोन बाहेर येताना. चौथं नेहमी त्याच वळणावर सुरू होतं.