रोजच्या वापरातली स्पोर्टी गाडी आणि गोव्याचे रस्ते: स्प्रिंगा बदलाव्यात की फक्त शॉक? (वाहनप्रेमींची चर्चा; मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कुंडईचा वाटसरू

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 245 भारतात 2020 साली आली, आणि त्याही 200च गाड्या. त्या गाड्यांचे, तसेच त्या सुमारास घेतलेल्या इतर स्पोर्टी गाड्यांचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर (म्हणजे शॉक) आता थकू लागले आहेत. त्यामुळे मालकमंडळींत एक सल्ला सर्रास दिला जातो: शॉक बदलायचेच आहेत, तर गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगाही टाकून घ्या, मजुरी एकदाच पडेल. जी गाडी रोज फोंड्याहून भोम, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीला कामावर जाते, तिच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

चाकाला वर उचलले जायला बंप स्टॉपपर्यंत (चाकाची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) जी मोकळी जागा असते, तीच सस्पेन्शनची खरी पुंजी होय. समजा ती 60 मिलिमीटर होती आणि गाडी खाली बसवल्यावर 30 उरली. स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा तर साध्या हिशेबाने स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा थोड्याच कडक असतात, आणि ते योग्यच आहे, कारण चौपट कडक स्प्रिंगांवर रोज कोणाला बसवणार नाही. उरलेला धक्का मग बंप स्टॉपच्या वाट्याला येतो आणि तिथून थेट आपल्या कमरेला.

दुसरे कारण कमी बोलले जाते. पुढच्या चाकांच्या मॅकफर्सन रचनेत (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असतात ती) खालचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, मूळ उंचीवर सहसा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो, कधी चाकाकडे चढताही होतो. त्यामुळे रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) हे गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकते, दोहोंतले अंतर वाढते आणि वळणावर गाडीला कलवणारा जोर उलट वाढतो. कडक स्प्रिंगांनी जे मिळवले त्यातला बराचसा भाग असा परत जातो, शिवाय टो (चाके समोरून आत किंवा बाहेर रोखलेली असण्याचा कोन) बिघडून टायर आतल्या कडेने झिजतो ते वेगळेच.

म्हणून मूळ स्प्रिंगा ठेवाव्यात आणि पैसा चांगल्या शॉकवर खर्च करावा. बिल्स्टाइन कंपनीचा बी6 हा मूळ उंचीसाठी असतो, बी8 आखूड असून खाली बसवलेल्या गाडीसाठी असतो. ही निवड दुकानदारावर सोडू नये. शॉक पारखताना हेही लक्षात घ्यावे की ज्याला 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' डॅम्पिंग (हालचाल आवरणे) म्हणतात, त्यातला वेग गाडीचा नसून शॉकच्या दांड्याचा असतो. गाडीचे कलणे आणि ब्रेक लावताना नाक खाली जाणे हे दांड्याचे संथ काम आहे. खड्ड्याची कड किंवा पुलावरचा जोड हे त्याचे झटक्याचे काम आहे. संथ कामात घट्ट आणि झटक्यात मोकळा राहणारा शॉक आपल्याला हवा.

अनमोडची वळणे

आपला ऊर्जेचा हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष मान्य नाही. आपला सगळा आक्षेप उंची घटवण्यावर आहे, स्प्रिंगेच्या कडकपणावर नाही, आणि या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर संच (आटे असलेल्या शॉकभोवती बसवलेली स्प्रिंग) घेऊन गाडी मूळ उंचीच्या जवळपास, संचाच्या वरच्या मर्यादेला ठेवली, तर चाकाची जागाही बहुतांशी शाबूत राहते आणि कंट्रोल आर्मचा कोनही.

स्प्रिंग 30 टक्के कडक केली म्हणजे गाडी 30 टक्के उडायला लागते, असाही गैरसमज आहे. डोलण्याची वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळानुसार वाढते, म्हणजे 14 टक्केच. 1.3 हर्ट्झवर डोलणारी गाडी 1.5 हर्ट्झपर्यंत जाईल, आणि स्पोर्टी गाडीसाठी ते मुळीच जाचक नाही. उलट मऊ मूळ स्प्रिंगेवर बी6 सारखा घट्ट शॉक बसवला की शॉक स्प्रिंगेला वरचढ ठरतो. मोठ्या खड्ड्यात तो शहाण्यासारखा वागतो, पण पर्वरीच्या उखडलेल्या, ठिगळे लावलेल्या रस्त्यावरची प्रत्येक बारीक लहर तो आत पोहोचवतो. एकाच कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले स्प्रिंग आणि शॉक यांची जोडी फोडू नये, हे माझे म्हणणे आहे.

आणि घाटाचे काय? मोलेहून अनमोडला चढताना एकामागून एक उलटसुलट वळणे येतात. तिथे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर किती लवकर आणि किती निश्चितपणे येते, यावर चालकाचा विश्वास अवलंबून असतो. थकलेल्या किंवा मऊ स्प्रिंगेवर ती आधी कलते आणि मग वळते. फक्त जाड अँटी-रोल बार (डावे-उजवे चाक जोडून कलणे आवरणारी सळई) टाकून हे साधायला जावे, तर एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकालाही हलवतो आणि आपले डोके खिडकीकडे फेकले जाते. स्प्रिंग थोडी कडक करणे हाच त्यातला सरळ मार्ग आहे.

बाणावलीचा वारा

कॉइलओव्हरची शिफारस करताना खारी हवा विसरू नये. उंची बदलण्याचे आटे चाकाच्या मागे उघडे असतात. पावसाळाभर त्यांत तांबडी माती भरते आणि उरलेले वर्ष मीठ. मुरगाव तालुक्यातल्या एका गाडीचे लॉकिंग कॉलर (उंची पक्की करणारी कडी) असे धरलेले मी पाहिले आहेत की पान्याने आटे सोलले गेले, पण कॉलर हलले नाही. उंची बदलण्याची सोय नावापुरतीच उरली. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने कॉइलओव्हर घ्यायचेच असतील तर केडब्ल्यू कंपनीच्या इनॉक्स प्रकारासारखी स्टेनलेस स्टीलची नळी असलेले घ्यावेत, आणि चवथ झाली की आटे धुऊन, ब्रशने साफ करून घ्यावेत.

पाटो ते फोंडा

आपण तिघेही टायर सोडून बोलत आहात. 18 इंची चाकावर 225/40 टायर (रुंदी 225 मिलिमीटर, भिंत तिच्या 40 टक्के) असेल, तर त्याची बाजूची भिंत 90 मिलिमीटरची असते. तीच गाडी 17 इंची चाकावर 225/45 टायर घेऊन चालवली, तर भिंत 101 मिलिमीटर होते. बाहेरचा व्यास 637 वरून 634 वर येतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरकही कळत नाही. झटक्याचा पहिला घास टायर घेतो, आणि चाक हलके निघाले तर शॉकचेही काम हलके होते. ब्रेकच्या कॅलिपरला आत जागा पुरते का, एवढे मात्र चाक प्रत्यक्ष बसवून पाहावे. आधी हे करा, झिजलेले बुश (सांध्यांतले रबर) आणि टॉप माउंट (शॉकच्या वरच्या टोकाचा आधार) बदला, आणि त्यानंतरही मन भरले नाही तरच पुढच्या खर्चाचा विचार करा.

कागदपत्रे: कायद्याविषयी टीप

मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचा शॉक बदलणे ही देखभाल ठरते. गाडी खाली बसवणे तितके निर्धोक नाही, म्हणून आधी विमा कंपनीला लेखी विचारावे.

कुंडईचा वाटसरू

'अनमोडची वळणे' यांनी केलेला उंची आणि कडकपणा यांतला भेद महत्त्वाचा आहे, आणि मूळ उंचीवर ठेवलेल्या कॉइलओव्हरला माझा तात्त्विक विरोध नाही. परंतु गॅरेजात प्रत्यक्ष काय होते ते पाहा. चाक आणि मडगार्ड यांमधली फट डोळ्याला खुपते, आणि कॉलर खाली फिरवायला दहा मिनिटेही लागत नाहीत. उंची घटवण्याची मुभा हातात असताना ती न वापरणारे मालक फार थोडे. घट्ट बी6 बद्दलचा आक्षेप मात्र योग्य आहे. म्हणूनच रोजच्या गाडीला मी कोनी कंपनीचा स्पेशल ॲक्टिव्ह सुचवेन, कारण जलद बारीक कंपनांत त्याची झडप तेलाला जास्तीची वाट देते आणि बारीक लहरींवर तो मऊ होतो.

अनमोडची वळणे

मालकाला संयम नाही, हा कॉइलओव्हरचा दोष ठरत नाही. मी माझ्या मतावर कायम आहे. मात्र दोन्ही पक्षांना लागू पडणारी एक गोष्ट आमच्याकडच्या कित्येक गॅरेजांत चुकते, ती लिहून ठेवतो. कंट्रोल आर्मचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना, म्हणजे तिच्या बसत्या उंचीवर असतानाच शेवटचे आवळावेत. लिफ्टवर चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरताच रबरी बुश पिळला जातो आणि कायम तसाच राहतो. तो लवकर फाटतो, आवाज करू लागतो आणि दोष नव्या शॉकवर जातो. त्यानंतरच अलाइनमेंट करावे, आणि टोचे आकडे छापून मागून घ्यावेत.