ब्रिस्टलचं आर्नोस व्हेल: राममोहन रॉय यांची समाधी आणि तिथलं चॅपेल

पायवाट:
पुढच्या महिन्यात आई येतेय. लंडन नंतर, आधी ब्रिस्टलला आर्नोस व्हेल सिमेट्रीत न्यायचं म्हणतेय, कारण राजा राममोहन रॉय तिथे आहेत. ती इतिहास शिकवायची, सतीबंदीचा धडा आला की हा माणूस विलायतेहून परत आलाच नाही हे सांगताना दर वर्षी तिचा आवाज बदलायचा. कोणी गेलंय का? फार चालावं लागतं का, तिचे गुडघे दुखतात. आणि तिथलं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, आतून बघता येतं का?

शेवंती:
नक्की ने आईंना. बाथ रोडच्या गेटमधून आत गेलं की समाधी जवळच आहे, लांबूनच छत्री दिसते. आजूबाजूला सगळे क्रॉस नि देवदूत आणि मध्येच आपल्याकडच्यासारखे खांब, वर घुमट, मला तर परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, बराच वेळ हलवेना तिथून. मागचा भाग मात्र टेकडीचा आहे, झाडी नि चढ, तिकडे आईंना नेऊ नकोस.

जुनी_वही:
थोडी भर घालतो. ते गेले २७ सप्टेंबर १८३३ ला, ब्रिस्टलजवळ स्टेपल्टनला, आणि आधी तिथल्याच घराच्या आवारात दफन केलं होतं. आर्नोस व्हेल तेव्हा नव्हतंच, ते उघडलं १८३९ मध्ये. मग त्यांचे मित्र द्वारकानाथ टागोरांनी (रवींद्रनाथांचे आजोबा) १८४३ मध्ये त्यांना इथे आणवलं आणि ही छत्री बांधून घेतली, डिझाइन विल्यम प्रिन्सेपचं. दगडावरचा लेख १८७२ चा आहे, तो आईंना सावकाश वाचू दे.

चॅपेल एक नाही, दोन आहेत. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांचं वेगळं, त्याला घंटेचा मनोरा, आणि त्या चर्चबाहेरच्या पंथांचं वेगळं, ते ग्रीक देवळासारखं. मेल्यावरही वाटण्या होत्या, मला ते बघून वाईट वाटलं. अँग्लिकन चॅपेलमध्ये आता लग्नंही लागतात, त्यामुळे आधी विचारून जा, कार्यक्रम असला तर आत जाता येत नाही.

पायवाट:
दोघांचे मनापासून आभार! आईला फोनवर वाचून दाखवलं, तर द्वारकानाथांचं ऐकून गप्पच झाली. फुलं ठेवलेली चालतात ना?

शेवंती:
हो, मी ठेवली होती. प्लास्टिकचं वेष्टन तेवढं काढून घे. आणि सप्टेंबरच्या शेवटाला जमत असेल तर बघ, पुण्यतिथीच्या आसपासच्या रविवारी तिथे लोक जमतात.